आंघोळीला गेलेली पायलट

कागदपत्रांच्या बाबतीत माझा हात कुणी धरू शकत नाही! लेकीच्या लसीकरणाच्या कार्डाच्यासुद्धा माझ्याकडे चार प्रती असतात. एक पर्समध्ये, एक कपाटात, एक माझ्या आईकडे आणि चौथी, या तिन्ही हरवल्या तर! त्यामुळे नणंदेच्या कर्जाची फाइल मी ताब्यात घेतली तेव्हा घरात सगळे निर्धास्त झाले. मी सोडून.

नणंदेला पायलट व्हायचं होतं. पूर्वी एवढ्या कर्जाला बँक घर गहाण मागायची, आणि आमचं घर आधीच एकदा गहाण पडलेलं. आता नवं धोरण आलं. विमान कंपन्यांनी विमानं घेऊन ठेवलीत, पण उडवायला माणसं नाहीत, म्हणून प्रशिक्षणाला विनातारण कर्ज! फक्त घरचा एक जामीनदार हवा आणि बँकेच्या बाई घरी येऊन कर्जदार आणि जामीनदार दोघांना भेटणार. जामीन राहण्याजोग्या घरात दोघीच, पेन्शनवाल्या सासूबाई आणि पगारवाली मी. सासूबाईंना कागदांतलं काय कळतंय, म्हणून मीच पुढे झाले.

मुदतीचा शेवटचा दिवस. हुकलं तर वर्षभर थांबायचं. बाई अकराला येणार होत्या. नणंद वैद्यकीय तपासणी उरकून सकाळच्या विमानाने परतणार होती. पावणेअकराला तिचा फोन.

"वहिनी, विमान रद्द झालं! पायलटच नाहीये!"

"म्हणजे? पळून गेला?"

"त्याचे ड्यूटीचे तास संपले गं, दुसरा मिळत नाहीये. तू सांभाळ ना!"

सांभाळ! मुलाखतीलाच वेळेवर न पोचणारी मुलगी विमान काय वेळेवर नेणार, असं बाई म्हणाल्या तर? तेवढ्यात बेल वाजली, दार उघडलं आणि तोंडातून निघून गेलं, "या ना! ती आंघोळीला गेलीय."

मग पुरावा हवा म्हणून बाथरूमचा नळ सोडून दार ओढून घेतलं. काय ही दूरदृष्टी!

बाईंनी फॉर्म उघडला. "शिकून झाल्यावर नोकरी मिळेल असं वाटतं तुम्हाला?"

"मिळेल ना! म्हणजे मिळायला हवी. पण कशाचं काय सांगावं? वारा असतो, ढग असतात, पक्षी मध्ये येतात..."

"मी नोकरीबद्दल विचारलं."

वीस मिनिटं गेली. बाईंनी घड्याळ पाहिलं. "यांना नेहमी इतका वेळ लागतो?"

"स्वच्छतेची फार आवड आहे तिला!"

माझी अडीच वर्षांची लेक बाथरूममध्ये डोकावून आली आणि जाहीर करती झाली, "आत्या नाही!"

"लपाछपी खेळतात दोघी," मी म्हटलं.

तिच्या मागोमाग पाणी आलं. बाथरूममधल्या पाणी जायच्या जाळीवर लेकीने सकाळीच बाहुली झोपवली होती. पाण्यावर डुलत तिचं पिवळं बदक थेट बाईंच्या पायांशी येऊन थांबलं. आणि त्याच मुहूर्तावर भाजीची पिशवी घेऊन सासूबाई दारात!

"अगं, ऐकलंस का? पायलट नाही म्हणून पोरीचं विमान रद्द! आत्ताच तिचा फोन आला." मग कान टवकारून, "आणि हे आंघोळ कोण करतंय?"

मी जाऊन नळ बंद केला.

बाईंनी ओल्या मोज्यांचे पाय वर उचलले. "अहो, एवढंच होतं तर सांगायचं ना! पायलट नाहीत, म्हणूनच तर हे धोरण आहे. गरज पटवणारी गोष्टच तुम्ही लपवून ठेवलीत!"

त्यांनी नणंदेला व्हिडिओ कॉल लावला. तिच्या मागे अडकलेले शंभर प्रवासी एका सुरात ओरडत होते. बाईंना आणखी पुरावा नको होता. "माझी शिफारस पक्की," म्हणत त्यांनी फॉर्मवर सही केली.

मी आनंदाने पेन उघडलं.

"तुम्ही थांबा," बाई म्हणाल्या. "जामीनदार मात्र बदलू या." आणि त्यांनी फॉर्म सासूबाईंपुढे सरकवला.

नणंद आता विमान उडवायला शिकतेय. मी आंघोळीला गेले की सासूबाई आजही दारावर टकटक करतात, "नक्की आत आहेस ना गं?"