अकरा कप कॉफी

झुबेर गुरुवारी दोह्याहून येणार होता आणि इकडे रोह्याजवळच्या अष्टमी गावात त्याच्या बायकोच्या, रिझवानाच्या पोटात मंगळवारीच बारीक कळा सुरू झाल्या. बाळाच्या कानात अजान मीच देणार, असं झुबेरने फोनवर चारदा बजावलं होतं.

"दोन दिवस हिला थांबवायचं कसं?" त्याची आई ताजुन्निसा हवालदिल झाली.

धाकटा आकिब पेणला फार्मसी शिकत होता. पुस्तकातून डोकं वर न काढता तो म्हणाला, "परवा कॉलेजात बघितलं. उंदरीच्या गर्भपिशवीचा तुकडा नळीत टांगला होता, सारखा आखडत होता. कॉफीच्या जातीचं औषध टाकल्यावर सैल पडला."

"म्हणजे कॉफीनं कळा थांबतात?"

"नळीत थांबल्या, अम्मी."

"मग झालं तर."

ताजुन्निसाचे गुडघे दुखायचे, म्हणून माडीवर कप पोहोचवायचं काम तिचा नवरा नूरमहंमद याच्याकडे आलं. पहिल्याच कपाच्या वासाने रिझवानाला मळमळलं.

"अब्बा, तुम्हीच प्या. अम्मींना सांगू नका."

नूरमहंमदने आयुष्यात काही वाया जाऊ दिलं नव्हतं. तो प्याला. दर तीन तासांनी प्याला. एरवी जेवला की घोरणारा हा माणूस बुधवारी पाण्याची टाकी घासून मोकळा झाला, मग माडाखालच्या झावळ्या रचल्या, मग बाळाची दुपटी तीनदा घडी केली.

"नातवंडाचा आनंद हाय," ताजुन्निसा कौतुकाने म्हणाली.

गुरुवारी दुपारी कळा वाढल्या. झुबेरची गाडी हायवेवर खांब गावाजवळ अडकली होती. पूल ओलांडून सगळे रोह्याला दवाखान्यात पोहोचले.

"काही औषध दिलंत?" डॉक्टर लतिकाबाईंनी विचारलं.

"नाय. नुसती कॉफी. अकरा कप. आकिबच्या कॉलेजात नळीतल्या तुकड्याच्या कळा थांबल्या ना," ताजुन्निसा म्हणाली.

बाईंचा चेहरा उतरला. त्यांनी घाईघाईने नाडी धरली, रक्तदाब घेतला, बाळाचे ठोके ऐकले. सगळं ठीक होतं.

"नळीतला तुकडा वेगळा, बाई वेगळी," त्या ताजुन्निसावर रागावल्या. "पुन्हा असलं काही करू नका."

बाहेर येताच त्यांना बाकावर नूरमहंमद दिसला. त्याचा गुडघा शिलाई मशीनसारखा हलत होता. त्यांनी त्याची धावती नाडी पाहिली, कॉफी कुठे गेली ते ओळखलं आणि त्यांच्या जिवात जीव आला.

"चाचा, आता फक्त पाणी," त्या हळूच म्हणाल्या.

झुबेर पोहोचला आणि वीस मिनिटांनी मुलगी झाली. बापाने कानात अजान दिली. रिझवाना रडत हसली.

"कॉफीनंच धरून ठेवली पोरीला," ताजुन्निसा म्हणाली. रिझवानाने सासऱ्याकडे पाहिलं. सासरा पंख्याकडे बघत होता.

आठवड्याने शेजारची बतूल आली. "ताजूआपा, माझ्या लेकीचा नवरा शुक्रवारी मस्कतहून येतोय. दिवस भरलेत तिचे. ती कॉफी..."

"डॉक्टरणीला काय कळतंय? मी करून देते. हे पोहोचवतील."

नूरमहंमदने चपला घातल्या. दारात थांबून तो म्हणाला, "या वेळी साखर कमी घाल."