मामांचं डाळिंब

सोलापुरातल्या आमच्या शुक्रवार पेठेत धुतलेल्या चादरी गच्चीवर वाळतात. शेजारच्या नरसय्या मामांची चादर मात्र घरात, पंख्याखाली, दार लावून. एकदा मी म्हटलं, "मामा, निदान उलटी करून तरी बाहेर घाला."

त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. "सोलापुरी चादर उलटी केली तर रंग बदलतोय बे, डिझाइन तेच ऱ्हातंय. बघितलं की गेलं!"

मामांनी जन्मभर एका चादरीच्या कारखान्यात डिझाइनं काढली, चौकटीच्या कागदावर एकेक घर रंगवून. त्यातलं डाळिंबाचं डिझाइन दुसऱ्या कारखान्यानं चोरलं आणि मामांचा जगावरचा विश्वास उडाला. ते काढताना त्यांना शिंक आली होती, म्हणून तिसऱ्या डाळिंबाचं पान वाकडं झालं होतं. चोरानं तेही तसंच उचललं. "माझी शिंकसुद्धा सोडली न्हाय बे त्यानं!" हे मी इतक्यांदा ऐकलंय की डाळिंब दिसलं तरी माझं नाक हुळहुळतं.

निवृत्तीनंतर मामांनी कॉम्प्युटर घेतला. कागदांना वाळवी लागली होती, म्हणून सगळे स्कॅन करून त्यात भरले. मी शाळेत कॉम्प्युटर शिकवतो, त्यामुळे मला बोलावणं आलं.

"कुलूप घाल. कुणाच्या बापाला उघडता येऊ नये."

"एन्क्रिप्शन करून देतो. पण पासवर्ड विसरलात तर तुम्हालाही उघडणार नाही. कायमचं गेलं."

मामांनी स्वयंपाकघराकडे बघितलं. हल्ली ते गॅसवर दूध ठेवून विसरतात, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

"कुठं तरी लिहून ठेवा."

"आणि ते कुणी वाचलं तर?"

"मग मुलाला सांगा."

"तो म्हणतोय, असल्या चादरी आता कोण घेतंय?" कॉम्प्युटर बंद करत म्हणाले, "विचार करतो."

विचार आठ दिवस चालला. नवव्या दिवशी मला पाहुण्यांना आणायला एसटी स्टँडवर जायचं होतं, मामाही सोबत आले. बाकावर एक आजी चादर पांघरून बसल्या होत्या. चादर पार विटलेली, पण डाळिंबं दिसत होती. आता भांडण होणार म्हणून मी मामांचा हात धरला. तो सोडवून ते वाकले आणि बोटानं डाळिंबं मोजत तिसऱ्याच्या वाकड्या पानापाशी थांबले.

"आजी, कधी घेतली ही?"

"लेकीच्या बाळंतपणात. आता नातीलाबी पोर झालंय की. लई ऊब हाय बगा. असली आता मिळत न्हाय."

पाहुण्यांना घेऊन परतताना मामा म्हणाले, "आमच्या मालकानं ते डिझाइन दोन महिन्यांत बंद केलं होतं. चोरानं चालवलं बे."

"मग कुलपाचं काय करायचं?"

"ऱ्हाऊ दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मामांची चादर गच्चीच्या कठड्यावर, रस्त्याच्या बाजूनं पसरलेली होती. मी खालून ओरडलो, "मामा, कुणी बघितलं म्हणजे?"

"बघू दे की!"

आणि खुर्ची टाकून ते रस्त्याकडे बघत बसले. लोक आपापल्या कामाला चालले होते, वर कुणी बघत नव्हतं. मला फार वाईट वाटलं. शाळेला उशीर होत होता, तरी मी मान वर करून तिथंच उभा राहिलो.