के म्हटल्याशिवाय

बिडवे सरांशी बोलताना आपलं वाक्य संपलं की 'के' म्हणावं लागे. नाही म्हटलं तर ते नुसते आपल्या तोंडाकडं बघत उभे राहत. भाजीवाली, पोस्टमन, बँकेतला शिपाई, कुणालाही सूट नव्हती. "के म्हणा की ओ," ते म्हणत, "तुमचं संपलं हे मला कळावं कसं?"

अहमदपुरात आमच्या घराला लागून त्यांचं घर. कनिष्ठ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवून ते निवृत्त झाले होते आणि त्यांना नाद एकच, हौशी रेडिओचा, म्हणजे घरबसल्या जगभरच्या अनोळखी माणसांशी बोलायचा. त्याचा सरकारी परवाना त्यांनी फ्रेम करून देवांच्या फोटोशेजारी टांगला होता. शेवग्यापासून पाण्याच्या टाकीपर्यंत एरियलची तार ओढलेली होती. माझ्या नवऱ्यानं एकदा तिच्यावर गोधडी वाळत घातली, तर सरांनी भिंतीवरून हाक मारली, "साहेब, तुमची गोधडी ब्राझीलला जाऊन राहिली. काढा तेवढी. के."

रेडिओवर ते तोंडानं बोलतच नसत. एका पितळी खटक्यावर आखूड आणि लांब ठोके द्यायचे, डिट आणि डा, असं त्यांचं मोर्स लिपीतलं बोलणं. अख्खी वाक्यं पाठवायची तर दिवस जाईल, म्हणून जगभरच्या या मंडळींनी लघुरूपं ठरवून घेतली आहेत. क्यू-आर-एम म्हणजे गोंगाट. त्र्याहत्तर म्हणजे शुभेच्छा. ओ-एम म्हणजे म्हातारबुवा, मग समोरचा विशीतला का असेना. एस-के म्हणजे खटका कायमचा मुका झाला, माणूस गेला. आर म्हणजे तुमचं पोहोचलं. आणि के म्हणजे माझं झालं, आता तुम्ही. सरांनी हा सगळा कारभार उचलून गल्लीत आणला. वरात आली की खिडकीतून "क्यू-आर-एम!" म्हणून ओरडत. माझे सासरे वारले तेव्हा भेटायला आले, पाच मिनिटं मान खाली घालून बसले आणि म्हणाले, "एस-के. लई चांगला माणूस." उठताना माझ्याकडं बघून, "त्र्याहत्तर." सुतकातल्या बाईनं हसायचं नसतं, म्हणून मी पदर तोंडात कोंबून आत पळाले.

शकुंतलाकाकू, म्हणजे सरांची बायको, अगदी उलट्या. त्या बोलायला लागल्या की थांबत नसत. भिंतीपलीकडून त्यांचं चालू असायचं, "जगाशी बोलून राहिलेत आन् घरात तोंड शिवलंय! दुपारी भाजी काय करू इचारलं, अजून उत्तर न्हाई. त्या जपानवाल्याला इचारा आता, काय करू ते!" सर मला म्हणत, "मॅडम, आमच्या हिला सगळं येतं, फक्त के येत न्हाई."

मग एका सकाळी काकू न्हाणीत पडल्या. लातूरला नेलं, महिनाभर ठेवलं आणि खाटेवर परत आणलं. डाव्या हाताची दोन बोटं तेवढी हलायची. जीभ गेली होती. डॉक्टर म्हणाले, यांना सगळं ऐकू येतं, सगळं समजतं, बोलता मात्र येणार नाही. भिंतीपलीकडं इतकी शांतता झाली की मला स्वयंपाकघरात बसवेना. बोलक्या बाईला देवानं अशी शिक्षा का द्यावी, हे मला आजही कळलेलं नाही. मला त्याचा रागच आहे.

सरांनी पंधरा दिवसांत एरियल उतरवली. दारावरच्या बेलचं बटण काढून बझरला जोडलं आणि काकूंच्या बोटाखाली बांधलं. अख्खं मोर्स शिकायला त्यांच्यात ताकद नव्हती, म्हणून पंधराच लघुरूपं निवडली आणि कॅलेंडरच्या पाठीवर लिहून खाटेसमोर चिकटवली. रेडिओवर क्यू-एस-वाय म्हणजे दुसऱ्या जागेवर चला. इथं त्याचा अर्थ, कूस बदला. क्यू-आर-ओ म्हणजे जोर वाढवा. इथं, पंखा वाढवा. क्यू-आर-एम म्हणजे बघायला आलेले पाहुणे आता घालवा. हे तिसरं काकूंनी सगळ्यात आधी पाठ केलं.

तासाभरासाठी बाजारात जायचं तरी काकूंचं कळणारं कुणीतरी हवं, म्हणून सरांनी मला धरलं. दिवसभर शाळेत मुलांना शिकवून आलेली मी संध्याकाळी त्यांच्यासमोर विद्यार्थिनी होऊन बसे आणि त्यांचा मार खाई, म्हणजे बोलण्याचा.

"अक्षरं मोजू नका ओ मॅडम. गाण्याची चाल कशी ओळखता? तसं आख्खं ऐका. पुन्हा."

कानाला सवय होईपर्यंत चार महिने गेले. काकूंना विचारायचं तोंडानं, पण शेवटी त्यांच्या मनगटावर बोटानं के द्यायचा, डा-डिट-डा. तो मिळाल्याशिवाय त्यांनी बटणाला हात लावायचा नाही, असा सरांचा कायदा. मला हा कायदा पोरकटपणा वाटे. "काकू, पाणी हवं का?" एवढं विचारून मी थांबायची, आणि सर मागून पुढं होऊन के देत; बाजारात निघतानाही आधी के देऊनच जात.

"विसरल्या बघा. के न्हाई दिला तर ती बोलणार कशी?"

"अहो सर, प्रश्न विचारला म्हणजे उत्तर द्यायचंच ना! त्यात के कशाला?"

"जलमभर तिनं कुणाला बोलू दिलं न्हाई," सर काकूंकडं बघत म्हणाले, "आता शिकलीय, तर मोडू नका." काकूंच्या डोळ्यांच्या कडा हलल्या. त्या हसत होत्या.

कॅलेंडरवर चौदा लघुरूपांपुढं मराठीत अर्थ होता. पंधराव्यापुढं, अठ्ठ्याऐंशीपुढं, काहीच नव्हतं. मी विचारलं, तर सर एकदम चष्मा पुसायला लागले. "ते आमचं नवराबायकोचं खासगी हाय. तुमच्या परीक्षेला न्हाई." रोज संध्याकाळी मी निघाले की भिंतीपलीकडून मला ते ऐकू यायचं. तीन लांब, दोन आखूड म्हणजे आठ, असं दोनदा.

आषाढात सर गेले. काकूंना भरवता भरवता, हातात वाटी असताना. खाटेवरून काकूंनी सगळं पाहिलं.

पुण्याहून प्रशांत, त्यांचा मुलगा, आला. घर माणसांनी भरलं. काकूंच्या बोटाखाली बटण होतं, पण बझर एकदाही वाजला नाही. मी रोज जाऊन विचारी, "काकू, पाणी? कूस बदलू?" त्या नुसत्या माझ्या तोंडाकडं बघत. मी मोठ्यानं विचारलं, रडून विचारलं, कपाळावरून हात फिरवून विचारलं. एका नातेवाइकानं सांगून टाकलं, "डोस्कं गेलं म्हातारीचं. धक्का बसला." गावातले डॉक्टर येऊन गेले, तेही म्हणाले, असू शकतं. प्रशांतनं लातूरला एका संस्थेत जागा ठरवली. "ताई, तिला आता कोण कुठं आहे तेही कळत नाही," तो मला म्हणाला. मी मान हलवली. ती मान हलवल्याची मला लाज वाटते.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी दारात आली. काकूंच्या साड्या पिशवीत भरून झाल्या. मी भिंतीवरचं कॅलेंडर काढायला गेले, निदान सरांचं अक्षर तरी आपल्याकडं राहावं म्हणून. सगळ्यात खाली, लाल शाईनं, दोनदा अधोरेखित केलेली ओळ होती: के दिल्याशिवाय बोलू नये.

चौदा दिवस घरात पन्नास माणसं त्या बाईशी बोलली होती. एकानंही तिला के दिला नव्हता. मीही नाही, आणि मला तर तो येत होता. ती वेडी झाली नव्हती. ती कायदा पाळत होती.

मी खाली बसले आणि काकूंच्या मनगटावर बोट ठेवलं. डा-डिट-डा.

बझर वाजला. अक्षरं स्वच्छ होती. ओ-एम. एस-के. मग जरा थांबून तीन लांब, दोन आखूड. पुन्हा तीन लांब, दोन आखूड. आणि शेवटी, नियमाप्रमाणं, के.

प्रशांत दारातच थांबला होता, हातात पिशवी. "आई... काय म्हणाली?"

"म्हणाल्या, म्हातारबुवा गेले."

"आणि ते नंतरचं?"

"ते त्यांचं खासगी आहे," मी म्हणाले.

त्यानं पिशवी खाली ठेवली. बाहेर जाऊन ड्रायव्हरला काहीतरी सांगितलं. गाडी मागं घेतल्याचा आवाज आला. मग तो येऊन खाटेच्या कडेला बसला आणि आपलं बोट आईच्या मनगटापाशी नेऊन माझ्याकडं बघत राहिला, कसं करायचं म्हणून.

पण काकूंनी के मला दिला होता, तेव्हा पाळी माझी होती. त्यांना पाठवण्यासारखं पंधरा लघुरूपांत काहीच नव्हतं. मी नुसता आर दिला. पोहोचलं, काकू. आणि मग, न विसरता, प्रशांतचं बोट धरून त्यांच्या मनगटावर टेकवलं आणि आम्ही दोघांनी मिळून के दिला.