नाना कोणाची लाइन तोडत नसत

आमच्या संघाच्या कचेरीत एक काचेची केबिन होती. तिच्यात नाना सूर्यवंशी एकटेच बसत. तरी आत जाताना ते दारावर टकटक करत, क्षणभर थांबत आणि "येऊ का?" असं विचारून मगच पाऊल टाकत. आत कोण, तर एक सर्व्हर, एक पडदा, एक कीबोर्ड आणि भिंतीवरचा एसी. मी एकदा न राहवून विचारलं, "नाना, परवानगी कोणाची मागता?" तर म्हणाले, "साहेब, आत बठ्ठ्या, सगळ्याच्या सगळ्या संघाचा डेटा बसला आहे. एवढी माणसं बसलेली असताना आपण न विचारता कसं घुसायचं?"

पंच्याण्णवच्या सुमाराची गोष्ट. आमचा केळी विकणारा सहकारी संघ, कचेरी जळगावला, आणि मी तिथे हिशेब विभागात अधिकारी. संघाने मोठ्या हौसेने संगणक आणले. त्यांच्यावर देखरेख करणारा पडदा, म्हणजे कन्सोल, कोणाच्या ताब्यात द्यायचा यावर बरीच चर्चा झाली आणि शेवटी आवक-जावकच्या नानांची निवड झाली. कारण एवढंच, की पुण्याच्या प्रशिक्षणात आमच्यापैकी न झोपलेले तेवढे एकटेच होते. जळगावच्या मे महिन्यात आम्ही पंख्याखाली उकडत होतो आणि नाना एसीत स्वेटर घालून बसत होते. त्यामुळे त्यांच्यावर आमचा थोडा रागही होता, हे सांगितलेलं बरं.

कन्सोल बसवायला पुण्याहून अनघा नावाची तरुण इंजिनिअर आली होती. तिने विचारलं, "कोणाला कुठले अधिकार द्यायचे?" नानांनी चष्मा पुसला आणि तिला वरण-बट्टीची पंगत समजावून सांगायला घेतली. वाढपी वेगळे, जेवणारे वेगळे. जेवणाऱ्याने पाहावं, मागावं, पण पातेल्यात हात घालू नये. तर गोदाम आणि वजनकाटा हे वाढपी, त्यांना लिहिण्याचा अधिकार. बाकी बठ्ठे पंगतीत, त्यांना फक्त पाहण्याचा.

"आणि अध्यक्ष?" अनघाने विचारलं.

"ते यजमान. यजमान वाढायला उठले की बट्ट्या हमखास सांडतात. त्यांना पाहू द्या."

अनघा म्हणाली की इतकी सुटसुटीत अधिकारांची मांडणी तिने मोठ्या कंपन्यांतही पाहिली नव्हती. अध्यक्षांना मात्र ती मुळीच आवडली नाही. ते पुढे महिनाभर आपल्या पडद्यावर आकडे खोडायचा प्रयत्न करत होते आणि नाना फोनवरून त्यांना "भाऊसाहेब, तुम्ही निवांत जेवा" असं सांगत होते.

नावांचा घोळ मात्र नानांनी भलताच करून ठेवला होता. प्रत्येकाला संगणकात शिरायला एक नाव द्यायचं असतं. नानांनी कचेरीत ज्याला जी हाक मारतात, तेच नाव दिलं. झालं काय, संघात तीन आबा, चार भाऊ आणि दोन अक्का. मग थोरले आबा, गोदामाचे आबा आणि चिडके आबा अशी नावं पडद्यावर आली. लेखापरीक्षकांनी एका नोंदीवर बोट ठेवून "ही कोणी केली?" असं विचारलं, तेव्हा मला गंभीर चेहऱ्याने "चिडक्या आबांनी" असं सांगावं लागलं. चिडके आबा शेजारीच उभे होते आणि ते चिडले.

पण नानांचा खरा नाद वेगळाच होता. या क्षणी कोण-कोण आत आहे आणि कोण किती वेळ गप्प आहे, हे कन्सोलवर दिसतं. नाना दिवसभर ती यादी बघत बसत. कोणी बराच वेळ कळ दाबली नाही की अंतर्गत फोन वाजलाच समजायचा. "अक्का, तुम्ही कधीच्या गप्प आहात. डोकं दुखतं का?" अक्का बिचाऱ्या डबा खात असत. "साहेब, तुमचं बी काही हालेना. झोप लागली का?" मला खरंच लागलेली असे. लोक वैतागत, पण एखाद्या दिवशी फोन आला नाही तर उलट त्यांनाच चुकल्यासारखं होई.

आमच्या परवान्यात एका वेळी आठच जणांना आत शिरता येत होतं आणि टर्मिनल होते बारा. म्हणून अनघाने जाताना बजावलं होतं, की गप्प बसलेल्याची जोडणी किती मिनिटांनी आपोआप तुटावी, तेवढा एक आकडा भरा. नानांनी ती जागा कोरीच ठेवली. "पंगतीतला माणूस गप्प बसला म्हणून त्याला कोणी उठवतं का?"

हंगाम आला आणि व्हायचं तेच झालं. एका दुपारी हिशेब विभाग आपापले पडदे तसेच उघडे टाकून जेवायला गेला आणि वजनकाट्याला आत शिरायला जागाच उरली नाही. वजनाच्या पावत्या निघेनात. फैजपूरकडून आलेले केळीचे ट्रक फाटकापासून पार रस्त्यापर्यंत उन्हात उभे राहिले, घड काळे पडायला लागले आणि शेतकरी कचेरीत घुसून ओरडू लागले. अध्यक्ष केबिनच्या दारात उभं राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "सूर्यवंशी, आत्ता तो आकडा टाका, नाहीतर कन्सोल नाशिकच्या ठेकेदाराला देतो. तुम्ही परत आवक-जावकला." आणि ते तावातावाने निघून गेले.

मी आत गेलो. नाना पडद्याकडे बघत बसले होते. हात मांडीवर.

"नाना, एक आकडा आहे हो. टाका ना. कन्सोल गेला तर तुम्ही करणार काय?" मला हे खरंच वाटत होतं. बायको गेल्यापासून भाड्याच्या खोलीत एकटे राहणाऱ्या या माणसाला पडद्यावरच्या त्या यादीशिवाय होतं तरी कोण?

नाना एकदम धुळ्याकडच्या बोलीत शिरले. "मना राजू सुरतले शे. तुले माहीत शे?"

मुलगा सुरतला कापडाच्या धंद्यात आहे, एवढंच मला माहीत होतं.

"कॉलेज सोडी दिन्हं त्यानी. मी फोनवर लई बोलनू. तो गप. मी म्हनं, बोल. तो गपच. मग मी फोन ठेवी दिन्हा." ते थांबले आणि पुन्हा कचेरीच्या मराठीत आले. "साहेब, गप्प होता, पण होता. काहीतरी सांगणार असेल. तेव्हापासून त्याचा फोन नाही."

बाहेर ट्रकवाले भोंगे वाजवत होते. मी म्हणालो, "नाना, यात तुटलेला माणूस परत आत येऊ शकतो."

"नक्की?"

"बघा तर खरं."

नानांनी आकडा टाकला. थोड्या वेळाने यादीतली नावं एकेक करून गळायला लागली. चिडके आबा गेले, अक्का गेल्या, मीही गेलो. रिकाम्या जागी वजनकाटा आला. बाहेरचा पहिला ट्रक हलला. नानांचं तिकडे लक्षच नव्हतं. ते यादीतल्या रिकाम्या ओळींकडे बघत होते. मग जेवण आटोपून अक्का आपल्या टेबलाशी आल्या, पासवर्ड टाकला आणि पडद्यावर पुन्हा "अक्का" उमटलं. पाठोपाठ आबा आले, तेही चिडूनच.

"उन्हात परत," नाना पुन्हा आपल्या बोलीत पुटपुटले, म्हणजे आले परत. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "साहेब, एसटीडीच्या कुलपाची चावी तुमच्याकडे असते ना? संघाच्या कामाचा फोन नाही, पण..."

मी माझ्या टेबलावरचा फोन आत आणून जोडला, तबकडीचं कुलूप काढलं. नंबर त्यांना पाठ होता. दोनदा लागला नाही. तिसऱ्यांदा लागला. नानांनी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला.

"राजू? मी नाना." मग मोठी शांतता. "नही बोलनं तर नको बोलू, भाऊ. नुसता धरी ठेव. मी बी धरी ठेवस."

मी बाहेर आलो आणि दार लोटून घेतलं. समोरून अध्यक्ष येत होते. ट्रक सुटल्यामुळे जरा खुशीत होते, पण काचेतून त्यांना फोन दिसलाच.

"एसटीडी कोण करतंय?"

"नाना."

"काय बोलताहेत?"

मी काचेतून पाहिलं. नाना डोळे मिटून, रिसीव्हर कानाशी घट्ट धरून बसले होते.

"अजून कोणी काही बोललेलं नाही."

"मग लाइन कशाला अडवली आहे? ठेवायला सांगा."

"राहू द्या, भाऊसाहेब," मी म्हणालो, "पलीकडे कोणीतरी आहे."