विमान नियंत्रणात आहे

कोणतेही संकट अधिकृतरीत्या नाकारले की त्याचे निम्मे निवारण होते. विमानतळाच्या निवेदन कक्षातल्या कारकुनाला हे तत्त्व तोंडपाठ होते. म्हणून चार बंदूकधाऱ्यांनी एकशे बारा प्रवाशांसह विमान पळवून धावपट्टीच्या टोकाला उभे केले, तेव्हा त्याने लगोलग निवेदन टाइप केले : 'तांत्रिक कारणाने उड्डाणास विलंब होत आहे. विमान पूर्णपणे नियंत्रणात आहे.' (कोणाच्या, हे लिहिण्याची पद्धत नाही.)

साहेबांनी नेहमीप्रमाणे न वाचता सही केली. पंचाईत एवढीच, की एकशे बारांत कारकुनाची आई होती आणि तिच्या पर्समध्ये रक्तदाबाच्या दोनच गोळ्या होत्या.

प्रवाशांचे म्हणाल, तर एक्याण्णव जणांना पहिले चार तास काही वेगळे घडतेय असे वाटलेच नाही. दार बंद, पाणी नाही, 'गप्प बसा' असा दम. सेवा नेहमीचीच होती.

रेडिओवर निवेदन ऐकून बंदूकधारी मात्र जाम दुखावले. इंधन, साथीदाराची सुटका वगैरे सगळ्या मागण्या मागे घेऊन त्यांनी एकच ठेवली : निवेदनात 'अपहरण' म्हणा. सात जणांची संकट निवारण समिती बसली. तिने इंधन देऊ केले. साथीदार एक मागितला होता, तीन देऊ केले. पण शब्द द्यायला समिती तयार होईना. अपहरण म्हटले की कोणाची तरी चूक निघते; विलंब आपोआप होतो.

तिसऱ्या दिवशी विमानातून फोन आला.

"आई, गोळ्या आहेत ना?"

"काल संपल्या. डोकं गरगरतंय. अरे, ही पोरं सोडायला तयार आहेत, नुसती रुसलीत. एक शब्द लिहायला तुमचं काय जातं रे?"

"नोकरी जाते, आई."

"मग राहू दे, बाबा. तू जेवलास का?"

कारकुनाला स्वतःची लाज वाटली. त्याने 'विलंब' काढून 'अपहरण' टाइप केले आणि कागद साहेबांपुढे ठेवला. साहेबांनी नेहमीप्रमाणे सही केली.

निवेदन रेडिओवर जाताच वीस मिनिटांत विमानाचे दार उघडले. बंदुका खाली ठेवून चौघांनी निवेदनाच्या चार प्रती मागितल्या (साक्षांकित). आईला स्ट्रेचरवरून नेले, ती वाचली.

चौकशी अहवाल निःपक्षपाती होता. दुपारी सव्वातीनपर्यंत उपलब्ध कागदपत्रांनुसार फक्त विलंब होता. सव्वातीनला कारकुनाने अपहरण केले. चौघांना विलंबाबद्दल समज देऊन सोडण्यात आले. कारकून तुरुंगात गेला.

त्याला कठोरात कठोर शिक्षा व्हावी म्हणून नागरिकांनी निवेदन दिले. चाळीस हजार सह्या. त्यात तुमचीही आहे. आठवत नसेल, साहजिक आहे. घाई होती, कागद पुढे आला, वर शेजाऱ्यांची सही दिसली.

आईने त्या निवेदनाची प्रत मागवून घेतली आहे. चष्मा लावून, एकेका नावावर बोट ठेवत ती रोज थोडी थोडी वाचते. ते निवेदन वाचणारी ती पहिलीच. आज तिचे बोट तुमच्या नावावर आहे.