आभाळातली माहेरवाशीण

आमच्या शेजारचे रामजी माळी धोंड्याची ओटी भरायचे. हसू नका, मी डोळ्यांनी पाहिलंय. ओटी बायांनी भरायची, पण बायको जाऊन घरात बाई उरली नव्हती, मग करतात काय!

कापसाच्या तेजीचे दिवस. सारी अमरावती कापसानं पांढरी आणि यांच्या ओसरीवर नारळाएवढा काळाकुट्ट धोंडा. भरदुपारी वांग्यांच्या वाफ्यात आभाळातून पडलेला. हात लावला की काजळी लागायची.

कापूस घ्यायला आलेल्या एका साहेबाला दुर्बिणीचा नाद. तो म्हणाला, मंगळ आणि गुरूच्या मधे असे काळे गोटे फिरत असतात, हा त्यांतलाच दिसतो. झालं!

"येवढ्या दुरून आली थे! लेकच म्हना ना," रामजीकाका म्हणाले. त्या दिवसापासून कोणी मोठ्यानं बोललं की, "हळू बोल गा, पोरगी निजली हाय."

माझं डोकं फिरायचं. "काका, धोंडा हाय थो!"

"तुले लेक नाई, तुले काय समजते!"

त्यांची खरी लेक गंगू अकोल्याकडे दिलेली. भाव चढले तसा सासरच्यांनी दिसेल तिथं कापूस पेरला. काका दर हंगामात तिला आणायला जात. उत्तर ठरलेलं : "वेचणी झाली का धाडतो." पण वेचणी कधी संपेचना. काका एकटेच गाडी हाकत परत येत. मी विचारलं की म्हणत, "बरी हाय. कामात हाय."

पुढं साहेब धोंडा मागायला आला. मागाल ती किंमत देतो म्हणाला.

"लेक इकत नसतात, साहेब." मग त्यांनीच विचारलं, "अकोल्यावरून जासान का?"

"हो."

"मंग फुकट न्या. पन गंगूच्या दारी गाडी थांबवा. तिले हातात घेऊ द्या. म्हना, हे इतक्या दुरून माहेरी आली, तू कवा येशीन?"

साहेबाचा गाडीवान परतला, तेव्हा काकांनी धोंड्याचं नावही काढलं नाही.

"गंगू भेटली?"

"भेटली. धोंडा पोटाशी धरून लय रडली. म्हने, बाबाले सांगा, मले न्याले येऊ नका आता. रिकामी गाडी घेऊन जातानी त्याईची पाठ पाहवत नाई."

मला काकांकडे बघवेना. पण त्यांचा चेहरा उजळला होता.

"मंजे वळनापर्यंत पाहत असते गा थे!" ते म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच त्यांनी गाडी जुंपली.