बिनअस्तराचा पडदा

सुरुवातीलाच माफी मागून ठेवतो. माझं शिक्षण नववीपर्यंत. म्हणजे मी नववीत होतो, नववी माझ्यात फारशी नव्हती. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकलं, शब्द अगदीच साधे वाटले, तर सांभाळून घ्या. मला पडद्याची उंची कळते, वेलांटीची कळत नाही.

माझं नाव खंडेराव. हे नाव ऐकून लोक दाराकडे बघतात, घोड्यावरून कोणी येईल म्हणून. मग मी येतो. एका हातात शिडी, दुसऱ्या हातात टेप. गुरुग्राममध्ये पडद्यांच्या एका दुकानात मी मापं घेतो आणि पडदे लावतो. आमच्या दुकानाच्या डिझायनर तनया मॅडम पुढे चालतात, मी मागून शिडी घेऊन. रंगांबद्दल मला जे काही येतं ते असं पाठीमागून चालून आलेलं आहे. मॅडम म्हणतात, "खोलीत एकच रंग बोलला पाहिजे, बाकीच्यांनी ऐकायचं." त्यांनी सजवलेल्या घरांत रंग तीनच असतात. बेज, त्याहून जरा जास्त बेज, आणि एखाद्या उशीवर मोहरीचा. ती मोहरीची उशी बोलते. बाकी घर ऐकतं.

माझ्या स्वतःच्या घरात मात्र बाल्कनीच्या काचेच्या दारावर एक जुनी चादर होती. तिच्यावर कधीकाळी कमळं होती. क्षिप्रा, म्हणजे माझी बायको, कधी तक्रार करत नसे. एकदाच म्हणाली, "खंडू, अख्ख्या गुरुग्रामला पडदे लावतोस यार, आपलं घर गुरुग्रामातच येतं ना?"

क्षिप्रा दाताच्या दवाखान्यात रिसेप्शनवर असते. तिथे मी एक पडदा लावायला गेलो होतो. तासाभराचं काम मला तीन दिवस पुरलं. (चौथ्या दिवशी तिनेच विचारलं, "लग्नाचं काही बोलायचं आहे का, की अजून एखादा स्क्रू राहिलाय?")

लग्न झालं, पण कुमुदकाकू रागावल्या. क्षिप्रा सहा वर्षांची असताना तिची आई गेली. तेव्हापासून दिल्लीत काका-काकूंनीच तिला वाढवलं. काकू तीस वर्षं शाळेत मराठी शिकवत होत्या. त्यांनी वाढवलेल्या मुलीने नववीतून पळालेला मुलगा पसंत करावा! त्या लग्नाला आल्या, सगळं रीतसर केलं, सुटकेस भरून दिली, आणि नंतर वर्षभरात आमच्या घरी एकदाही आल्या नाहीत. क्षिप्रा दर रविवारी त्यांना फोन करायची. फोन ठेवला की थोडा वेळ त्या कमळांकडे बघत बसायची. मी चहा करायचो.

तर जानेवारीतल्या एका सोमवारी ती नाचतच घरी आली. "शनिवारी हळदीकुंकू ठेवते. काकू येते म्हणाली! तिच्या शेजारच्या वीणामावशी पण येणार, त्यांची सून अनुष्का, आणि खालच्या तिघी."

मी चादरीकडे बघितलं. चादरीने माझ्याकडे बघितलं. मी ठरवलं, शनिवारी इथे पडदा असेल, आणि क्षिप्राला आधी कळणार नाही.

दुकानातून कापड आणणं सोपं होतं, पण दुकानातलं कापड बेज. सणाला बेज? मग स्वेटर शोधताना पलंगाखाली ती लग्नातली सुटकेस हाताला लागली. उघडली तर आत एकवीस खण. ब्लाउजपीस म्हणा. अबोली, मोरपंखी, गुलबक्षी, लिंबू, शेवाळी, जांभळा. सगळे घडी घातलेले, एकही शिवलेला नाही. मला वाईट वाटलं. बिचारीला वर्षभर शिंपी मिळाला नसेल. (मी लहानपणी मामाकडे वाढलो. त्या घरात चार पुरुष आणि एक म्हैस. तिची ओटी कोणी भरत नसे. खण हे शिवायचे नसतात, पुढच्या घरी द्यायचे असतात, हे मला कोण सांगणार?)

मी खण पिशवीत घालून दुकानात नेले आणि तीन दिवस दुपारच्या सुट्टीत मशीनवर बसलो. एकही कापला नाही, नुसते एकमेकांना जोडले. कडा दीड इंच आत दुमडल्या. प्रत्येक खणाच्या उलट्या बाजूला, कडेजवळ, बॉलपेनने काहीतरी बारीक लिहिलेलं होतं. कापडाच्या ठाणावर असे नंबर असतातच. मी वाचलं नाही. (न वाचणं हा माझा जुना गुण आहे.) शिवाय ते दुमडीत आत जाणार होतं.

रंगांचा मात्र विचार केला. एकवीस रंग एकदम बोलायला लागले तर मंडळाची मीटिंग होते. म्हणून फिके कडेला लावले, गडद आतल्या बाजूला आणि मधोमध एक आमसुली खण, बारीक किनारीचा. जुना होता, पण त्याच्याकडे बघितलं की बाकीचे आपोआप गप्प बसत. चुण्या कमी ठेवल्या, सगळे नीट दिसावेत म्हणून. अस्तर लावायला वेळ उरला नाही. धुक्यामुळे आठ दिवस ऊन पडलं नव्हतं, म्हटलं अस्तर कोणाला दिसतंय.

शनिवारी क्षिप्रा दवाखान्यात गेल्यावर पडदा लावला. दुपारी दोनला ती आली. दारातच थांबली. पिशवी हातातच राहिली.

"खंडू," ती हळूच म्हणाली, "हा... हा तू केलास?"

"तुला आवडला?"

ती जवळ गेली, हात फिरवला. डोळे भरून आल्यासारखे वाटले. मग तिने एकदम पलंगाखाली वाकून सुटकेस ओढली.

"खंडू, हे ओटीचे खण होते."

"हो, पडून होते."

"पडून नव्हते रे! आजच्यासाठी ठेवले होते. चार वाजता बायका येतील, त्यांच्या ओटीत काय घालू? पडद्याची कड धरून उभं राहायला सांगू त्यांना?"

मी शिडीवर चढलो, पडदा उसवायला. तिने मला खाली ओढलं. "राहू दे. उसवून काय चुरगळलेले खण देणार? तुझ्याकडे दुसरं काय आहे?"

माझ्याकडे पानिपतहून आणलेले उशीचे सहा अभ्रे होते. चेन जरा वाकडी बसल्यामुळे दुकानाने नको म्हटलेले. बरोबर सहा. आयुष्यात पहिल्यांदाच माझा हिशोब जमला, तोही चेन वाकडी असताना.

चारला बायका आल्या. पद्माकरकाका काकूंना सोडायला आले होते, त्यांना माझ्याबरोबर स्वयंपाकघरात बसवलं. दार अर्धं उघडं होतं. काकू आत आल्या, पडद्यासमोर उभ्या राहिल्या.

"हे काय?"

"पडदा," मी आतून म्हणालो.

"ते दिसतंय, खंडेराव."

मग त्या खुर्चीच्या अगदी कडेवर बसल्या, पर्स मांडीवर घेऊन. "मी फार थांबणार नाही गं क्षिप्रा. परतताना ट्रॅफिक लागतो." क्षिप्राचा चेहरा एवढासा झाला. पाठ टेकायची नाही असं ठरवून आलेल्या माणसाला मी खिडक्या मोजताना लांबूनसुद्धा ओळखतो.

हळदीकुंकू झालं, तिळगूळ झाला. ओटी भरताना वीणामावशींनी पदरात बघितलं. "अय्या, उशीचा अभ्रा?"

"नवीन पद्धत आहे मावशी," क्षिप्रा म्हणाली. "टिकतो."

आणि तेवढ्यात ऊन आलं. समोरच्या दोन टॉवरांच्या मधून सूर्य फक्त वीस मिनिटं आमच्याकडे बघतो, ती वीस मिनिटं नेमकी तेव्हा सुरू झाली. सगळ्या बायका आनंदाने "ऊन, ऊन!" करत पडद्याकडे वळल्या. पडदा पेटल्यासारखा उजळला. एकवीस रंग खोलीभर पसरले, भिंत अबोली झाली, काकूंची पांढरी शाल मोरपंखी झाली. मला वाटलं, तनया मॅडमना हे दाखवायला हवं.

आणि मग कडांवरची अक्षरं दिसायला लागली.

उलट्या बाजूचं लिखाण, दुमडल्यावर सरळ झालं होतं. (माझ्या हातून आयुष्यात एवढंच एक आपोआप सरळ झालं.) अनुष्का दिल्लीतच वाढलेली. तिला हिंदीमुळे अक्षरं सगळी वाचता येतात, अर्थ निम्म्यांचा लागत नाही. ती मोठ्याने वाचायला लागली.

"वीणा. गणपती, दोन हजार सोळा. पातळ. पुढे द्यावा. अच्छा, मम्मी, तुमचं नाव आहे! पुढे... वीणा. दिवाळी. सुमार. पुढे द्यावा. सुमार मतलब?"

"मतलब कुछ खास नहीं," वीणामावशी म्हणाल्या. मग त्यांना काय म्हटलं ते त्यांच्याच लक्षात आलं. "कुमुद! हे तुझं अक्षर!"

स्वयंपाकघरात काकांनी डोक्याला हात लावला. "घात झाला. जो खण ज्याच्याकडून आला त्याच्याचकडे परत जाऊ नये म्हणून लिहून ठेवते ती. बत्तीस वर्षं."

"आणि शेरा कशाला?"

"सवय हो. माझ्या भाजीलापण देते."

काकू लालबुंद झाल्या होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर पडलेला रंग गुलबक्षी होता, त्यामुळे जास्तच. मी खिडकीतून उडी मारावी का याचा विचार केला. पण आमचा तिसरा मजला, आणि मापाची सवय असल्यामुळे खाली किती फूट आहे ते मला बरोबर माहीत होतं.

वीणामावशी पडद्याजवळ गेल्या. चष्मा लावला. हाताने कापड चोळून बघितलं.

"हा सोळा सालचा पातळ ना? कुमुद, हा मला तूच दिलेला! आदल्या संक्रांतीला! मी गणपतीत तुलाच परत केला."

"मी?" काकू उठून उभ्या राहिल्या. "शक्यच नाही."

"शेवाळी, ही बघ तिरकी वीण. तूच! स्वतःच्याच खणाला पातळ म्हणालीस!"

मग काकांचं हसू आधी फुटलं, इथे, माझ्या शेजारी, पाणी पिताना. ते ऐकून बाहेर वीणामावशी, मग खालच्या तिघी, आणि शेवटी काकू. काकू हसताना तोंडावर पदर धरतात हे मी पहिल्यांदा बघितलं. "बाई गं," त्या म्हणत होत्या, "पातळच होता गं पण!"

अनुष्काचं वाचन चालूच होतं. ती मधल्या आमसुली खणापाशी पोचली. "पार्वती. क्षिप्राचं बारसं. ठेवायचा. क्षिप्राचा."

हसणं थांबलं. पार्वती म्हणजे क्षिप्राची आई.

काकू खुर्चीत बसल्या. या वेळी पाठ टेकून. पर्स बाजूला ठेवून. "तुझ्या बारशाला तुझ्या आईने माझी ओटी भरली होती, त्यातला आहे तो," त्या क्षिप्राला म्हणाल्या. "लग्नात हातात देणार होते. पण तोंडातून शब्द निघेना, आणि रागही होता. म्हणून सुटकेसमध्ये मधोमध ठेवला. म्हटलं, कधीतरी वाचशील."

"मी उघडूनसुद्धा बघितला नाही गं काकू," क्षिप्रा म्हणाली. "सगळ्यांत चांगला म्हणून आज तो वीणामावशींना देणार होते."

"आणि मी उन्हाळ्यात कोणाला तरी देऊन टाकला असता," वीणामावशी प्रामाणिकपणे म्हणाल्या.

मग सगळ्यांनी एकदम स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं. माझ्या हातात तिळगुळाचा डबा होता. मी तो पुढे केला.

"खंडेराव," काकू म्हणाल्या, "तुम्ही हा मधोमध का लावलात?"

"तो... तो बोलतो ना काकू. बाकीचे ऐकतात."

ऊन टॉवरमागे गेलं, अक्षरं पुसल्यासारखी झाली, बायका एकेक करून निघाल्या. काकू निघाल्या नाहीत. ट्रॅफिकचं नावही काढलं नाही. पिठलं-भात झाला. पिठल्याला "बरं" मिळालं. काका माझ्या कानात म्हणाले, "बरं म्हणजे फार वरचा शेरा आहे, जपून ठेवा." जाताना काकूंनी माझ्या खिशातलं पेन मागितलं. पत्ता-बित्ता लिहायचा असेल असं वाटून मी दिलं आणि खाली रिक्षा बघायला पळालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहिलं काम केलं ते अस्तराचं. क्षिप्राचं म्हणणं होतं की घरातल्या गोष्टी समोरच्या टॉवरला वाचायला कशाला द्यायच्या. पडदा काढून पलंगावर पसरला, आमसुली खणाभोवती आधी टाचण्या लावल्या. खालच्या पट्टीपाशी आलो तर तिथे नवीन शाई दिसली. माझ्याच पेनाची. या वेळी मी वाचलं. दोनदा वाचलं, मग क्षिप्राला हाक मारून तिच्याकडून वाचून घेतलं, माझी काही चूक होत नाही ना म्हणून.

"खंडेराव. पहिली भेट. हाही ठेवायचा."

खाली आणखी एक ओळ होती. "पडदा डावीकडे दोन इंच आखूड."

मी सात वर्षं पडद्यांची मापं घेतो. मी टेप आणला आणि मोजलं.

अडीच होता.